एक्यू-१० चा आकडा किती भरवशाचा? रिलायबिलिटी मोजतानाच्या नोंदी

९ जून

माझ्या ओळखीत मोठ्या वयात ऑटिझमची शंका आलेली बरीच माणसं आहेत. तिशी-चाळिशीतली, नोकरी-संसार सांभाळणारी. बहुतेकांची सुरुवात सारखीच होते, रात्री मोबाईलवर कुठलीतरी प्रश्नावली भरली, आकडा आला, आणि मग तो आकडा काही डोक्यातून जात नाही. "मला ६ आले." "मला ५ आले, म्हणजे मी नाही ना?" एका आकड्याच्या फरकावर लोक महिनोन्महिने झुरतात, काहीजण डॉक्टरकडे जायचंच सोडून देतात.

माझी एक ताई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. ती परवा म्हणाली, "अगं, तू स्टॅटिस्टिक्सवाली ना, मग मला एवढं सांग, हा ५ आणि ६ मधला फरक खरंच फरक आहे का?" प्रश्न साधा आहे पण उत्तर मोजूनच द्यायला हवं, म्हणून हे काम घेतलं. कुणाला असंच काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतेय. निदान कसं करतात, ऑटिझम म्हणजे काय, यातलं काही इथे नाही. फक्त आकड्याचा भरवसा, म्हणजेच रिलायबिलिटी.

कुठली प्रश्नावली घ्यायची यावर फार वेळ घालवला नाही. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांची एक्यू (ऑटिझम-स्पेक्ट्रम कोशंट, स्वतःच भरायची ऑटिझमची प्रश्नावली) २००१ ची, ५० प्रश्नांची. तिचीच १० प्रश्नांची छोटी आवृत्ती एक्यू-१०, कॅरी ॲलिसन, बॉनी ऑयुंग आणि बॅरन-कोहेन यांनी २०१२ मध्ये काढली. लोक जी भरतात ती बहुतेक हीच, कारण दोन मिनिटांत होते. कट-ऑफ ६. म्हणजे ६ किंवा जास्त आले तर पुढची सविस्तर तपासणी करून घ्या, एवढाच तिचा अर्थ.

खर्च: आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) फुकट, त्यातलं साइक नावाचं पॅकेज फुकट. ज्यांना कोड नको त्यांना जास्प चालेल, तेही फुकट. पैसे लागलेच तर बंद जर्नलमधल्या पेपरसाठी लागतील, पण बरेच पेपर उघडे मिळतात, आधी ते शोधा.

११ जून

डेटा. यूसीआय मशीन लर्निंग रिपॉझिटरी या उघड्या डेटाच्या साइटवर प्रौढांच्या ऑटिझम स्क्रीनिंगचा एक उघडा संच आहे, फादी थाबताह यांनी २०१७ मध्ये तिथे ठेवलेला. मोबाईल ॲपमधून गोळा झालेल्या ७०४ नोंदी, प्रत्येकीत एक्यू-१० ची दहा उत्तरं ० किंवा १ अशी, आणि सोबत वय, लिंग, देश, वंश वगैरे. फुकट डाउनलोड होतो.

फाइल एआरएफएफ प्रकारची आहे. एक्सेलमध्ये थेट उघडायला गेलं की सगळा पसारा होतो, वरची माहितीची ओळन्‌ओळ डेटा म्हणून येते. आरमध्ये फॉरेन पॅकेजने वाचली तर नीट येते. रिकाम्या जागी प्रश्नचिन्ह टाकलेलं आहे, ते कुठल्याही आकडेमोडीआधी "माहिती नाही" असं करून घ्या, साध्या टेक्स्टसारखी वाचली तर वयाचा पूर्ण कॉलम अक्षरं म्हणून येतो आणि सरासरीच निघत नाही.

कॉलमची नावं जशी आहेत तशीच वापरा. ऑटिझमच्या कॉलमचं नाव "ऑस्टिम" असं पडलंय, देशाच्या कॉलमच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळलंय. सुधारत बसलात तर दुसऱ्यांचा कोड तुमच्या फाइलवर चालणार नाही.

१२ जून

आज फक्त एकेक कॉलम बघत बसले. कंटाळवाणं काम आहे पण इथेच सगळं सापडतं.

वय: सगळ्यात मोठं ३८३. टायपिंगची चूक उघड आहे. ती एक नोंद वय लागेल तिथे वगळायची, उत्तरं मात्र ठेवायची, कारण दहा उत्तरांत काही गडबड दिसत नाही. सगळ्यात लहान वय १७, आणि शेजारच्या कॉलममध्ये सगळ्यांसमोर "१८ आणि पुढे" लिहिलंय. दोघांचं वय नाही.

वंशाच्या कॉलममध्ये ९५ जागा रिकाम्या, आणि "इतर" हे मोठ्या आणि छोट्या अक्षराने दोनदा आल्यामुळे एकाचे दोन गट झालेत.

आता महत्त्वाचं. "प्रश्नावली कुणी भरली" असा एक कॉलम आहे. स्वतः ५२२. पालकांनी ५०, नातेवाइकांनी २८, इतरांनी ५, आरोग्य क्षेत्रातल्या व्यक्तीने ४, आणि ९५ ठिकाणी माहितीच नाही. म्हणजे स्वतःबद्दल स्वतः दिलेली उत्तरं म्हणून ज्या संचाकडे बघतोय त्यातल्या १८२ नोंदींबद्दल आपण तसं खात्रीने म्हणू शकत नाही. आईने मुलाबद्दल भरणं आणि मुलाने स्वतःबद्दल भरणं ही दोन वेगळी मोजमापं आहेत. आई बाहेरून दिसणारं वागणं बघते, मुलाला आत किती ताण पडतो ते तिला दिसेलच असं नाही. या संचावर कितीतरी मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट होतात, त्यात या कॉलमकडे बघितलं जात नाही याचं वाईट वाटतं.

अजून एक, आणि हे तर फारच मोठं. शेवटच्या कॉलममध्ये "ऑटिझम हो/नाही" आहे, हो १८९, नाही ५१५. हे निदान नाही! दहा उत्तरांची बेरीज ७ किंवा जास्त असली की हो, नाहीतर नाही, एवढंच आहे ते. त्यामुळे दहा उत्तरं देऊन हा कॉलम ओळखायला लावला की मॉडेल शंभर टक्के अचूक येतंच, येणारच, बेरीज करायलाच शिकलंय ते. निदानाशी त्याचा काही संबंध नाही. कृपया या कॉलमवरून "आमचं मॉडेल ऑटिझम ओळखतं" असं कुणी लिहू नका.

आणि ७ का? मूळ पेपरचा कट-ऑफ तर ६ आहे. "६ किंवा जास्त" आणि "६ पेक्षा जास्त" यातला हा घोळ ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही होता, २०२१ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत तो दाखवून दिला गेला. ज्यांना बरोब्बर ६ आले त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही, एका शब्दाने त्यांची पुढची तपासणी राहते. तो कॉलम मी फाइलमधून उडवलाच.

१५ जून

पहिला खरा आकडा. उत्तरं ०/१ आहेत म्हणून केआर-२०, म्हणजे कूडर आणि रिचर्डसन यांचं १९३७ चं सूत्र. क्रॉनबाख अल्फा (१९५१) ०/१ वर चालवला तरी तेच येतं. दहा प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत, एवढंच हा आकडा सांगतो.

हाताने पण करून बघितलं, कारण पॅकेजवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलंय. तुम्हाला तुमची फाइल तपासता यावी म्हणून सगळे तुकडे देते. दहा प्रश्नांवर १ आलेल्यांचं प्रमाण क्रमाने: ०.७२, ०.४५, ०.४६, ०.५०, ०.५०, ०.२८, ०.४२, ०.६५, ०.३२, ०.५७. बेरजेची सरासरी ४.८८, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) २.५०, म्हणजे व्हेरिअन्स (विचलनाचा वर्ग) ६.२६. दहा प्रश्नांच्या स्वतंत्र व्हेरिअन्सची बेरीज २.३४. मग १० भागिले ९, गुणिले १ वजा २.३४/६.२६. उत्तर ०.७०.

सगळ्या ७०४ नोंदींवरचा आकडा आहे हा, त्यामुळे याला मी "ॲपवर आलेल्या लोकांचा आकडा" म्हणतेय, स्वतः भरलेल्यांचा नाही. तुमचे तुकडे वरच्याशी जुळले की फाइल बरोबर वाचली गेली असं समजा, मग फक्त "स्वतः" वाल्या ५२२ वर तीच ओळ चालवा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवा.

उलटे प्रश्न हा नेहमीचा खड्डा. एक्यू-१० मध्ये १, ७, ८, १० ला सहमत असेल तर गुण, बाकी सहाला असहमत असेल तर गुण. या फाइलमध्ये गुण आधीच दिलेत, उलटायचं काही नाही. स्वतः गोळा केलेल्या कच्च्या उत्तरांवर काम करत असाल तर आधी उलटून घ्या, नाहीतर अल्फा कोसळतो आणि मग प्रश्नावलीलाच दोष दिला जातो. साइक पॅकेज काही प्रश्न उलटे वाटताहेत अशी सूचना देतं, ती वाचा, पण त्याला आपोआप उलटवू देऊ नका. कुठला प्रश्न कुठल्या दिशेने मोजायचा ते मूळ प्रश्नावलीत ठरलेलं आहे, तुमच्या डेटावरून नाही ठरत.

१९ जून

मधले दिवस ओमेगावर (अल्फासारखाच, पण प्रश्नांना वेगवेगळं वजन देणारा आकडा) गेले. अल्फा सगळे प्रश्न सारख्याच वजनाचे धरतो, ते इथे खरं वाटत नाही म्हणून ओमेगा काढायचा होता. पॅकेज आपणहून तीन घटक धरून चालतं, ते तुम्हाला हवेत का याचा विचार न करता आकडा उचलू नका.

वेळ खाल्ला तो टेट्राकोरिक प्रकाराने. ०/१ उत्तरांवर साधं कोरिलेशन (दोन आकडे किती सोबत हलतात त्याचं माप) कमी येतं म्हणून त्यामागे एक अखंड पट्टी आहे असं मानून कोरिलेशन काढतात, आणि त्यावर अल्फा काढला की आकडा छान वर जातो. बघून बरं वाटतं. पण तो आकडा त्या मानलेल्या पट्टीचा आहे, माणसाच्या हातात पडलेल्या ०-ते-१० च्या बेरजेचा नाही. लोकांना बेरीज मिळते. म्हणून रिपोर्टमध्ये ०.७० च राहणार. दुसरा आकडा प्रश्नांची रचना समजायला वापरा, "प्रश्नावलीची रिलायबिलिटी एवढी" असं म्हणून छापू नका.

रचनेबद्दल थोडं. दहा प्रश्नांची आपसातली सरासरी कोरिलेशन ०.७० वरून मागे जाऊन काढली तर ०.१९ च्या आसपास येते, म्हणजे बरीच कमी. आणि प्रश्न बघितले तर नवल नाही. पहिला प्रश्न इतरांना ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजांचा, आठवा एखाद्या गोष्टीच्या प्रकारांची माहिती जमवण्याचा, नववा चेहरा बघून मनातलं ओळखण्याचा. एखाद्याला कुकरची शिट्टी सहन होत नाही पण समोरच्याचा चेहरा व्यवस्थित वाचता येतो, असं सर्रास असतं. २०२० मध्ये टेलर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ६,५९५ लोकांवर हेच तपासलं होतं, एक्यू-१० एकच गोष्ट मोजत नाही आणि सामान्य लोकांत तिची अंतर्गत सुसंगती कमी आहे असं त्यांना आढळलं. माझ्या छोट्या कामाची दिशा तीच दिसतेय.

२२ जून

आज ताईने बरोबर जागी बोट ठेवलं. "मूळ पेपरमध्ये तर अल्फा ०.८५ आहे, तुझा ०.७० कसा?"

उत्तर शोधायला मूळ पेपरमध्ये कोण होतं ते बघायला लागलं. ४४९ निदान झालेले प्रौढ आणि ८३८ तुलनेसाठीचे. दोन टोकांचे दोन गट एका पिशवीत घातले की माणसामाणसांतला फरक खूप मोठा होतो, आणि रिलायबिलिटी म्हणजे शेवटी "खरा फरक भागिले एकूण फरक", त्यामुळे चूक तेवढीच राहूनही आकडा फुगतो.

हे नुसतं म्हणण्यापेक्षा मोठ्या एक्यूच्या आकड्यांवर करून बघितलं, कारण २००१ च्या पेपरमध्ये दोन्ही गटांची सरासरी दिलीय. निदान झालेल्या ५८ जणांची ३५.८, विचलन ६.५. तुलनेच्या १७४ जणांची १६.४, विचलन ६.३. समजा एका गटात रिलायबिलिटी ०.७ आहे. मग चुकीचा व्हेरिअन्स साधारण १२. आता दोन्ही गट निम्मे-निम्मे मिसळा. गटांच्या सरासरीतल्या अंतरामुळेच ९४ चा व्हेरिअन्स वर पडतो, एकूण १३५ होतो. १ वजा १२/१३५, म्हणजे ०.९१. प्रश्न तेच, माणसं तीच, चूक तीच, आणि ०.७० चे ०.९१ झाले.

माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. रिलायबिलिटी प्रश्नावलीची नसते, ती अमुक लोकांवर वापरलेल्या प्रश्नावलीची असते. जो माणूस रात्री मोबाईलवर भरतोय तो ना "निदान झालेला" ना "शंकाच नसलेला", तो मधला आहे, आणि मधल्या माणसांमध्ये आकडा सगळ्यात कमी भरवशाचा असतो. नेमकं ज्याला उत्तर हवंय त्याच्यासाठीच.

आणि आपल्याकडचं काय? संचात भारतातल्या ८१ नोंदी आहेत. त्यांचा वेगळा अल्फा काढून "भारताचा आकडा" म्हणायचा मोह होतो, करू नका. ज्यांनी ते ॲप वापरलं ते ८१ जण आहेत ते, देश नाही. २०१३ मध्ये फ्रीथ आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन, भारत आणि मलेशियातल्या विद्यार्थ्यांना एक्यू दिली तेव्हा भारत आणि मलेशियातल्या मुलांचे गुण ब्रिटनपेक्षा जास्त आले होते. म्हणजे तिकडचा कट-ऑफ इकडे आहे तसा उचलता येत नाही हे दहा वर्षांपूर्वीपासून दिसतंय, तरी आपण तोच वापरतो.

२७ जून

०.७० हा आकडा घेऊन लोकांसमोर गेलं तर कुणालाच काही कळत नाही. लोकांना गुणांच्या भाषेत सांगायला हवं. म्हणून मोजमापाची प्रमाण चूक काढली: विचलन गुणिले (१ वजा रिलायबिलिटी) याचं वर्गमूळ. २.५० गुणिले ०.५५, आलं १.४.

म्हणजे ६ आलेल्या माणसाचा "खरा" आकडा ९५ टक्के भरवशाने साधारण ३ ते ९ च्या मध्ये. किराणा दुकानातला काटा पाच किलोच्या पिशवीला कधी तीन आणि कधी सात दाखवायला लागला तर आपण तो काटाच बदलायला सांगू. इथे मात्र माणसं स्वतःबद्दलच शंका घेतात.

कट-ऑफजवळ काय होतं तेही काढलं, चूक घंटेच्या आकाराची धरून. खरा आकडा ५ असलेल्या माणसाला ६ किंवा जास्त मिळण्याची शक्यता ३६ टक्के. खरा आकडा ६ असलेल्याला ५ किंवा कमी मिळण्याची शक्यताही तेवढीच. तिघांतला एकजण चुकीच्या बाजूला. ८ किंवा ३ असला तर मात्र शक्यता साडेतीन टक्क्यांवर येते. तेव्हा टोकाच्या आकड्यांना अर्थ आहे, अगदीच फेकून देण्यासारखी प्रश्नावली नाही ही. ताईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: ५ आणि ६ मध्ये फरक आहे असं म्हणता येत नाही.

मग प्रश्न वाढवले तर? स्पिअरमन-ब्राउन सूत्राने ०.७० चं ०.९० करायला अशाच दर्जाचे साधारण ४० प्रश्न लागतील. दोन मिनिटांची सोय आपण या किमतीला घेतलीय.

२ जुलै

आतापर्यंत सगळं एकाच बैठकीतल्या उत्तरांवर. पण लोकांचा खरा प्रश्न "पुन्हा भरली तर तेच येईल का" हा आहे, आणि त्याला टेस्ट-रीटेस्टच लागतं. यूसीआयच्या संचात कुणी दोनदा भरल्याची ओळख पटवायची सोय नाही, म्हणून छापील पेपरकडे गेले.

एक्यूच्या २००१ च्या पेपरमध्ये रीटेस्ट आहे: १७ माणसं, किमान दोन आठवड्यांनी, कोरिलेशन ०.७. सतराच! फिशरच्या पद्धतीने ९५ टक्क्यांची पट्टी (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा ती) काढली तर ०.३३ ते ०.८८. म्हणजे वाईट ते उत्तम यातलं काहीही असू शकतं. त्यांनी लपवलेलं नाही, पेपरमध्ये स्पष्ट आहे, पुढे उद्धृत करणाऱ्यांनी १७ गाळून फक्त ०.७ ठेवला. ०.७ खरा मानला तरी ५० गुणांच्या एक्यूत एका माणसाचा आकडा नऊ-दहा गुणांनी हलला तरच तो बदल चुकीपलीकडचा म्हणता येतो. "मागच्या वर्षी २२ होते, आता २९ झाले" असं कुणी घाबरून सांगितलं तर हे लक्षात ठेवा.

राड्स-आर ही प्रौढांसाठीची दुसरी ऑटिझम प्रश्नावली पण बघितली, रिट्वो आणि सहकाऱ्यांची २०११ ची, ८० प्रश्न, कट-ऑफ ६५. रीटेस्ट ०.९८७ दिलाय, जवळजवळ परिपूर्ण. २२ जूनचं गणित आठवा. निदान झालेले आणि न झालेले एकत्र असले की एवढा मोठा आकडा यायला प्रश्नावली फार नेमकी असायची गरज नाही. शिवाय तिच्या उत्तरांचे पर्याय वेगळेच आहेत, आता आणि लहानपणी दोन्ही वेळा खरं, फक्त आता खरं, फक्त १६ वर्षांच्या आधी खरं, कधीच नाही. पन्नाशीच्या बाईला शाळेतलं आठवून ८० वेळा उत्तर द्यायचंय. ज्या घरात "ती जरा अबोल आहे" एवढ्यावरच मुलीचं सगळं बोलणं संपत होतं, तिथे तिने काय आठवायचं?

७ जुलै

स्वतः रीटेस्ट करायचं ठरवतेय. घाईने ओळखीच्यांना लिंक पाठवायचा विचार होता, तो सोडला. माणसांवरचं संशोधन आहे, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या सूचनांप्रमाणे एथिक्स कमिटीची परवानगी आणि नीट समजावून घेतलेली संमती हवी. आणि कागदापलीकडे, ज्याला मोठा आकडा येईल त्याने पुढे कुणाशी बोलायचं याची सोय आपण आधी करायला हवी. ताईने ती जबाबदारी घेतलीय. त्याशिवाय एकही फॉर्म जाणार नाही.

किती माणसं? कोरिलेशन ०.८ आलं असं धरलं तर ५० जणांत पट्टी ०.६७ ते ०.८८, शंभर जणांत ०.७२ ते ०.८६. पन्नासच्या खाली करण्यात अर्थ नाही. दुसऱ्या वेळी लोक गळतात, त्यामुळे सुरुवात बरीच जास्त माणसांनी करायला लागेल.

साधं कोरिलेशन न वापरता आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन), आणि तोही एकमताचा प्रकार, म्हणजे दोन्ही वेळचे आकडे तेच आहेत का ते बघणारा. कारण समजा दुसऱ्या वेळी सगळ्यांचेच गुण ३ ने वाढले, कोरिलेशन १.०० च राहतं, काहीच झालं नाही असं वाटतं. मोठ्या एक्यूच्या ६.३ विचलनावर हेच आयसीसीने मोजलं तर ०.९० येतं, वाढ दिसते. पॅकेज सहा प्रकारचे आयसीसी एकदम छापतं, त्यातला मोठा निवडायचा नाही, कुठला घेणार ते आधी लिहून ठेवायचं. मी आजच लिहून ताईला मेल केलं.

मधे सगळ्यांचे गुण का वाढतील? यावर ताईशी बराच वेळ बोलणं झालं. पहिल्यांदा प्रश्नावली भरली की लोक वाचायला लागतात, व्हिडिओ बघतात, स्वतःला ओळखायला लागतात. "मला गर्दीचा त्रास होत नाही" म्हणणारी बाई दोन आठवड्यांनी म्हणते, त्रास होतो, मी लग्नांना जाणंच बंद केलंय म्हणून कळत नव्हतं. तिचं दुसरं उत्तर जास्त खरं आहे. त्याला चूक म्हणून मोजलं तर आपण तिच्यावर अन्याय करतो. उपाय एवढाच सुचला की दुसऱ्या फॉर्ममध्ये "मधल्या काळात ऑटिझमबद्दल काही वाचलंत किंवा पाहिलंत का" हा प्रश्न ठेवायचा आणि दोन्ही गटांचा हिशोब वेगळा द्यायचा.

अजून दोन कॉलम त्याच कारणाने: मोबाईलवर भरलं की कागदावर, आणि भरताना शेजारी कोणी होतं का. नवरा किंवा सासूबाई शेजारी असताना दिलेलं उत्तर आणि एकटीने दिलेलं उत्तर एकच असेल असं मला वाटत नाही.

आणि चारही पर्याय जपून ठेवायचे. एक्यूत "नक्की सहमत" आणि "थोडंसं सहमत" ला सारखाच गुण, पण "थोडंसं सहमत" वरून "थोडंसं असहमत" वर सरकलं की पूर्ण एक गुण इकडचा तिकडे. मधे घुटमळणाऱ्यांचे आकडे याच ठिकाणी हलतात असा माझा अंदाज आहे. नेदरलँड्समध्ये हुकस्ट्रा यांनी २००८ मध्ये १ ते ४ असेच गुण ठेवले होते, ५० प्रश्नांना ५० ते २००. आपणही दोन्ही पद्धतीने मोजायचं. यूसीआयच्या फाइलमध्ये फक्त ०/१ उरलंय म्हणून तिथे हे तपासता येत नाही, तुम्ही डेटा गोळा कराल तेव्हा ही माहिती फेकू नका.

१३ जुलै

कमिटीचा अर्ज गेला. तोपर्यंत ताईकडे आत्ता येणाऱ्यांसाठी एक कागद बनवतोय, आकडा कसा सांगायचा याचा.

पहिला खर्डा माझा होता आणि त्यात अल्फा, चूक, पट्टी सगळं होतं. ताईने खोडून टाकला, "समोर बसलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला हे वाचायचं नसतं." आता पहिल्या ओळीत नुसतं "तुमचा आकडा ६, पण तो ३ ते ९ मध्ये कुठेही असू शकतो" असं आहे.

दुसरी ओळ मोठा आकडा आलेल्यांसाठी. मूळ पेपरमध्ये एक्यू-१० ची संवेदनशीलता (ऑटिझम असलेल्यांपैकी किती पकडले गेले) ०.८८ आणि विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले गेले) ०.९१ आहे, पण तिथे तिघांतल्या एकाहून जास्त लोकांना निदान होतं. शंभरात एकालाच ऑटिझम आहे अशा लोकांत तीच प्रश्नावली दिली तर कट-ऑफ ओलांडणाऱ्या शंभरातले ९ जणच खरे निघतात. वाटेल तिथे लिंक पसरवणाऱ्या कॉलेज-ऑफिसातल्या लोकांना हे आवर्जून दाखवा.

तिसरी ओळ छोटा आकडा आलेल्यांसाठी, आणि ती मी हट्टाने ठळक करून घेतली. ॲशवुड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तपासणीसाठी पाठवलेल्या ४७६ प्रौढांचे आकडे बघितले, तर कट-ऑफच्या खाली राहिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना प्रत्यक्षात ऑटिझमचं निदान झालं होतं. त्यामुळे कागदावर असं लिहिलंय: "आकडा कमी आला तरी तुम्हाला त्रास होत असेल तर भेटायला या." खाली ताईची वेळ आणि फोन नंबरसाठी जागा सोडलीय.

छपाईला एका बाजूचा कागद, पन्नास प्रती काढल्या. फॉन्ट मोठा ठेवा, आणि कागद पिवळसर घ्या, पांढराशुभ्र कागद काहींच्या डोळ्यांना टोचतो असं आलेल्या दोघांनी सांगितलं, म्हणून दुसरी खेप तशी काढतोय.